तळहात-तळपायांची जन्मजात जाड कातडी: किती काढायची, किती ठेवायची

प्रश्न असा आहे: मुलगी चार वर्षांची. चालायला लागल्यापासून पूर्ण तळपाय पिवळसर आणि जाड, कडेला लालसर रेघ, आता तळहातही तसेच होत चालले आहेत. थंडीत टाचा फुटून रक्त येते. वडिलांचे आणि आजोबांचे तळवे असेच आहेत. हे बरे होते का, कोणते मलम लावावे, आणि पुढच्या मुलाला होईल का?

आधी सरळ उत्तर. हा आजार मुळापासून घालवणारे औषध आज नाही. पण भेगा, दुखणे, घाम आणि वास या चारही गोष्टी चांगल्या आटोक्यात आणता येतात, आणि मूल इतर मुलांसारखे धावू-खेळू शकते. त्यासाठी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी लागते. ही जाडी म्हणजे नाजूक झालेल्या त्वचेने स्वतःच्या बचावासाठी उभी केलेली भिंत असते. ती सगळी खरवडून काढली, तर दुसऱ्या दिवशी मुलीला पाय टेकवणार नाही. म्हणून उपचारात सगळ्यात कसोटीचा भाग असतो तो किती कातडी ठेवायची हे ओळखण्याचा.

या आजारांना मिळून पामोप्लांटर केराटोडर्मा म्हणतात. तुम्ही सांगितलेले चित्र, म्हणजे पूर्ण तळवा सारखा जाड, पिवळट मेणासारखा, कडेला लालसर रेघ आणि पिढीमागून पिढी चालत आलेला त्रास, हे यातल्या सर्वात नेहमीच्या प्रकाराशी जुळते. त्यात बहुधा केआरटी९ या जनुकात दोष असतो. या जनुकापासून केराटिन ९ नावाचे प्रथिन बनते आणि ते शरीरात जवळपास फक्त तळहात-तळपायांच्या त्वचेतच असते. त्वचेच्या पेशीत केराटिनचे धागे घराच्या वाशांसारखे काम करतात, पेशीला आधार देतात. जनुकाची एक प्रत बिघडलेली असली तरी तिच्यापासून बनणारे सदोष प्रथिन चांगल्या धाग्यांत मिसळते, धाग्यांच्या गुठळ्या होतात आणि दाब पडला की पेशी फुटतात. फुटलेल्या पेशींची भरपाई करायला खालचा थर भराभर नव्या पेशी तयार करतो. म्हणून जिथे वजन जास्त, तिथे थर जास्त: टाच, चवडा आणि अंगठ्याखालचा उंचवटा.

या आजाराच्या नावांत बराच घोळ आहे आणि जुने रिपोर्ट हातात आले की तो त्रास देतो. थॉस्ट यांनी १८८० मध्ये आणि उन्ना यांनी १८८३ मध्ये अशा कुटुंबांचे वर्णन केले. १९०१ मध्ये व्होर्नर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली फुटलेल्या पेशी पाहून वेगळा प्रकार सांगितला. पुढे अनेक दशके हे दोन आजार मानले गेले. नंतर थॉस्ट यांनी वर्णन केलेल्या कुटुंबाच्या वंशजांची त्वचा पुन्हा तपासली, तेव्हा तिच्यातही पेशी फुटलेल्याच दिसल्या. केआरटी९ मधले दोष १९९४ मध्ये सापडले. यातून घ्यायचा धडा व्यवहाराचा आहे: बायोप्सीच्या (त्वचेचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) एखाद्याच कापात फुटलेल्या पेशी दिसल्या नाहीत म्हणून हा प्रकार नाही असे ठरत नाही. पॅथॉलॉजिस्टला आणखी काप बघायला सांगावेत, किंवा थेट जनुकीय चाचणी करावी.

आता मलमाकडे वळण्याआधीची तपासणी. या तपासणीबाबत मी आग्रही आहे, कारण जाड तळवे हे काही कुटुंबांत आतल्या आजाराची पाटी असते आणि ती वाचायची राहून जाते.

केस बघा. जन्मापासून लोकरीसारखे दाट कुरळे केस आणि जाड तळवे एकाच मुलात असतील, तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय घरी जायचे नाही. ग्रीसच्या नाक्सोस बेटावरच्या कुटुंबांत १९८६ मध्ये हा आजार नोंदला गेला. त्यात प्लाकोग्लोबिन या प्रथिनात दोष असतो, तर त्याच्या जवळच्या कार्वाहाल प्रकारात डेस्मोप्लाकिनमध्ये. ही प्रथिने पेशींना एकमेकींशी सांधणारी बटणे आहेत. त्वचेला ओढ बसते तशीच हृदयाच्या स्नायूला प्रत्येक ठोक्याला बसते, म्हणून बटणे कच्ची असली की दोन्हीकडे बिघडते. तळव्यांची जाडी मूल हात-पाय वापरू लागले की दिसते, हृदयाचा त्रास मात्र बहुधा किशोरवयात उघड होतो. खेळताना चक्कर येऊन पडणे ही पहिली खूण असू शकते, आणि ती जिवावर बेतू शकते. ईसीजी, इकोकार्डिओग्राफी आणि २४ तासांचे होल्टर (हृदयाचे ठोके सतत नोंदणारे यंत्र) हे किमान हवे, आणि ते एकदा करून थांबायचे नाही, ठरावीक अंतराने पुन्हा करायचे.

दात आणि हिरड्या बघा. काही मुलांत दुधाचे दात वेळेवर येतात, मग हिरड्या सुजतात, पू येतो आणि चार-पाच वर्षांपर्यंत दात हलून पडतात. मधल्या काळात हिरड्या शांत होतात आणि कायमचे दात आले की तोच प्रकार पुन्हा. जोडीला तळवे जाड, बहुतेकदा गुडघे-कोपरेही. हा पापियों-लफेव्र प्रकार, १९२४ मध्ये वर्णन झालेला. दोष सीटीएससी जनुकात असतो. अशा मुलांना पू होणारे संसर्ग, कधी यकृतात गळूही होते, म्हणून लांबलेला ताप हलक्यात घ्यायचा नाही. दातांचे डॉक्टर आणि त्वचेचे डॉक्टर एकमेकांना न विचारता उपचार करत राहिले, तर वर्षे वाया जातात.

डोळे बघा. उजेड सहन न होणे, डोळे लाल, सतत पाणी, आणि तळव्यांवर सगळीकडे नव्हे तर दाबाच्या जागी दुखरे घट्टे, असे असेल तर रक्तातले टायरोसिन (प्रथिनांतला एक घटक) तपासा. टायरोसिनेमिया प्रकार २ मध्ये बुबुळावर फांद्यांसारखे व्रण दिसतात आणि ते हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचे समजून महिनोन्महिने चुकीचे थेंब घातले जातात. या सगळ्या घोळक्यात हा एक आजार आहाराने सुधारतो. फेनिलॲलानिन आणि टायरोसिन कमी असलेला आहार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिला की डोळे आणि तळवे दोन्ही निवळतात, आणि बुद्धीच्या वाढीवर होऊ शकणारा परिणामही टाळता येतो. एका रक्ततपासणीवर इतके अवलंबून असते.

कान तपासा. मधमाशांच्या पोळ्यासारखी खळगेदार जाडी आणि बहिरेपण हे जीजेबी२ जनुकाच्या दोषात दिसते. त्यात बोटाभोवती आवळपट्टा बसतो, दोऱ्याने बांधल्यासारखा, आणि दुर्लक्ष झाले तर बोट गळून पडते. अशी खाच दिसू लागताच उपचार हवेत, तेव्हा तोंडाने घेण्याचे औषध किंवा शस्त्रक्रिया बोट वाचवू शकते. बहिरेपण आणि जाड तळवे फक्त आईकडूनच पुढे जात असतील, तर मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या) डीएनएमधला बदल शोधावा लागतो.

घरात कुणाला अन्ननलिकेचा कर्करोग झाला होता का, हे विचारायला संकोच करू नका. हॉवेल-इव्हान्स प्रकारात, लिव्हरपूलच्या ज्या कुटुंबात तो १९५८ मध्ये नोंदला गेला त्यात, जाड तळपाय असलेल्या व्यक्तींना हा धोका फार मोठा होता. जनुक आरएचबीडीएफ२, ते २०१२ मध्ये सापडले. तोंडात आतून पांढरे चट्टे ही सोबतची खूण. अशांना नियमित एंडोस्कोपी लागते, आणि तंबाखू कोणत्याही रूपात नको.

तुमच्या मुलीत यातले काहीच नसेल, वडील-आजोबांची हृदये, दात, कान धड असतील, तर मोठी काळजी मिटली. आता तळव्यांकडे.

तळवा जवळून बघा आणि प्रकार ओळखा, कारण त्यावर औषध बदलते. बोटांवर लांबट पट्टे आणि तळपायांवर बेटांसारखी जाडी, हाताने काम वाढले की वाढणारी, हा पट्टेदार प्रकार, बहुधा डीएसजी१ जनुकाचा. साबुदाण्याएवढे कडक ठिपके, तरुणपणी सुरू झालेले, हा ठिपक्यांचा प्रकार, बऱ्याच कुटुंबांत एएजीएबी जनुकाचा. नखे जाड आणि वर वळलेली, तळव्यांवरचे घट्टे इतके दुखरे की मूल गुडघ्यांवर चालते, हा पॅकिओनिकिया कंजेनिटा. इथे केराटिन ६, १६, १७ बिघडलेले असतात. हात दहा मिनिटे पाण्यात ठेवल्यावर जाड भाग भिजलेल्या स्पंजसारखा पांढरा झाला, तर एक्यूपी५ किंवा सर्पिनबी७ या जनुकांचा विचार करावा. सर्पिनबी७ चा प्रकार नागाशिमा नावाने ओळखला जातो, पूर्व आशियात बराच आढळतो, जाडी सौम्य पण लाली मनगटाच्या आणि घोट्याच्या मागच्या बाजूवर चढते. आणि जाडीऐवजी उन्हाळ्यात चालल्यावर पाण्याचे फोड येत असतील, तर तो बहुधा एपिडर्मोलिसिस बुलोसा सिम्प्लेक्स. तिथे कातडी झिजवणारी मलमे अजिबात लावायची नाहीत. फोड निर्जंतुक सुईने एका कडेला टोचून पाणी काढायचे, वरची साल तशीच ठेवायची.

चाळिशीनंतर अचानक तळवे जाड झाले आणि घरात कुणालाच नाही, तर तो आनुवंशिक नसण्याची शक्यता जास्त. तिथे सोरायसिस, बुरशी, थायरॉइड, आर्सेनिक असे दुसरे शोधावे लागते.

रोजची निगा. कोमट पाण्यात पाय १० ते १५ मिनिटे भिजवायचे. जास्त वेळ नको, कातडी फुगते आणि नंतर वाळून जास्त फुटते. आठवड्यातून दोनदा, भिजवल्यानंतर, वज्रीने किंवा बारीक कागदी कानसेने एकाच दिशेने हलक्या हाताने घासायचे. फार जाड टाचेला पायांची निगा घेणारे प्रशिक्षित माणूस पाते वापरते: पाते कातडीला जवळजवळ समांतर धरून भिजलेल्या पांढऱ्या थराच्या पातळ चकत्या काढायच्या. थांबायचे कुठे, हे तीन खुणांवरून कळते. कातडी पिवळटपणा सोडून गुलाबी दिसू लागली, तळव्यावरच्या नैसर्गिक रेषा पुन्हा उमटू लागल्या, किंवा मुलीला 'गरम वाटतंय' असे जाणवू लागले. तिन्हींपैकी एक दिसले की हात थांबवायचा. केआरटी९ च्या प्रकारात तर त्याही एक पायरी अलीकडे थांबलेले बरे, कारण खालचा थर फुटका आहे. दुसऱ्या दिवशी मूल लंगडले, तर आदल्या दिवशी जास्त काढले गेले, हे उघड आहे. चार वर्षांच्या मुलीच्या पायाला घरी पाते लावायचे नाही. भिजवणे आणि वज्री एवढेच घरी.

पाय टिपून ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत मलम लावायचे. युरिया १० टक्के असेल तर ते ओलावा धरते, २० ते ४० टक्के असेल तर कातडी मऊ करून झिजवते. या वयात १० टक्क्यांपासून सुरुवात करा. भेगांवर युरिया झोंबते. आधी दोन-तीन दिवस नुसती पेट्रोलियम जेली लावून भेगा मिटू द्या, मग युरिया. मोठ्या माणसांना रात्री ४० टक्के युरिया, किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल ५० टक्के पाण्यात, वर पातळ प्लास्टिकचे आवरण आणि सुती मोजे, असे आठवड्यातून दोन-तीन रात्री केले की जाडी ठळकपणे उतरते.

सॅलिसिलिक ॲसिड स्वस्त आणि परिणामकारक आहे, ५ किंवा ६ टक्के मोठ्यांना चालते. पण लहान मुलांत ते रक्तात शोषले जाते. दोन्ही हात, दोन्ही पाय, वर प्लास्टिक, असे लावले तर कान वाजणे, मळमळ, धाप, सुस्ती अशी विषबाधा होऊ शकते. तुमच्या मुलीला ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको, आणि सांगितले तरी छोट्या भागावर, झाकल्याशिवाय. कॅल्सिपोट्रिऑलचे (ड जीवनसत्त्वासारख्या औषधाचे) मलम काहींना उपयोगी पडते, पण सॅलिसिलिक ॲसिडसोबत लावले की ते निकामी होते, हे चिठ्ठीवर दोन्ही नावे एकत्र दिसली तर आवर्जून विचारा. स्टेरॉइड मलम जाडी कमी करत नाही. कडेची लाली आणि खाज असेल तेवढ्यापुरतेच.

खोल भेगेला दोन गोष्टी लागतात: कडा मऊ करणे आणि तोंड बंद ठेवणे. भेगेच्या कडेचा कडक काठ वज्रीने उतरवा, नाहीतर मलम आत जात नाही आणि चालताना काठ ताणून भेग पुन्हा उघडते. मग पेट्रोलियम जेली आणि वर झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी. मोठ्यांत कोरड्या, संसर्ग नसलेल्या भेगेवर वैद्यकीय सायनोॲक्रिलेट गोंदाचा थेंब दुखणे लगेच थांबवतो.

वास आणि अचानक वाढलेली खाज याकडे वेगळे लक्ष हवे. जाड, घामट कातडीत बुरशी घर करते आणि ती केराटोडर्मातच मिसळून जाते, वेगळी ओळखू येत नाही. कडेचे पोपडे खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडची तपासणी करावी. बुरशी सापडली तर नुसते मलम या जाडीतून आत पोहोचत नाही, बहुधा तोंडाने टर्बिनाफिन लागते, मोठ्यांना दिवसाला २५० मिलीग्रॅम, मुलांना वजनानुसार. बुरशी गेल्यावर अनेकांची जाडी आणि वास दोन्ही लक्षणीय उतरतात, म्हणून 'मलम चालेनासे झाले' अशी तक्रार आली की आधी ही तपासणी. चाळणीसारखे बारीक खड्डे आणि उग्र वास असेल तर ते जिवाणूंचे काम आहे, त्यावर क्लिंडामायसिन लावतात. घामासाठी २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइड रात्री, पूर्ण कोरड्या त्वचेवर. भेगा असताना नाही. पॅकिओनिकियामध्ये आणि फोडांच्या आजारात घाम कमी केला की दुखणेही कमी होते, म्हणून मोठ्यांत बोट्युलिनमची इंजेक्शने वापरतात. परिणाम काही महिने टिकतो.

पादत्राण अर्धा उपचार आहे. आत मऊ पण पायाखाली दबून सपाट न होणारा थर, पुढे बोटांना रुंद जागा, आत शिवण उघडी नको. मोजे दिवसातून एकदा तरी बदला. शाळेत लांब उभे राहण्याची शिक्षा, अनवाणी कवायत यांतून मुलीला सूट मिळावी यासाठी डॉक्टरांचे पत्र घ्या, आणि हे लागण होणारे नाही असे त्या पत्रात स्पष्ट लिहून घ्या. हात धरायला इतर मुले कचरतात, ते या एका वाक्याने बरेच कमी होते.

तोंडाने घेण्याचे ॲसिट्रेटिन हे औषध तुम्हाला कुणीतरी सुचवेल. जाडी ते खरोखर उतरवते. मोठ्यांत १० मिलीग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. पण केआरटी९ आणि केआरटी१ (आणखी एका केराटिनचे जनुक) यांच्या प्रकारांत भिंत उतरते आणि फुटकी त्वचा उघडी पडते. फोड येतात, दुखणे वाढते, आणि चांगले दिसणारे पाय घेऊन माणूस चालू शकत नाही. प्रकार कळल्याशिवाय हे औषध सुरू करू नये ते यासाठी. पापियों-लफेव्र किंवा आवळपट्टे पडणाऱ्या प्रकारांत मात्र ते मोलाचे आहे. औषध चालू असताना यकृत आणि रक्तातील चरबी तपासत राहावी लागते, वाढत्या मुलांत हाडेही. गर्भात ते गंभीर व्यंग आणते. औषध थांबवल्यानंतरही ३ वर्षे गर्भधारणा टाळायची असते आणि तेवढा काळ रक्तदानही करायचे नसते. दारूबरोबर त्याचे शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या रूपात परिवर्तन होते, म्हणून स्त्रियांना दारू पूर्ण वर्ज्य. तुमच्या मुलीला आत्ता त्याची गरज दिसत नाही. वडिलांनाही ते घ्यायचे असेल तर आधी जनुकाचा रिपोर्ट.

नेमक्या दोषावर जाणारी औषधे येऊ लागली आहेत. ओल्मस्टेड या अतिशय वेदनादायक प्रकारात अर्लोटिनिब या औषधाने काही रुग्णांची जाडी आणि वेदना दोन्ही उतरल्या. नागाशिमा प्रकारात जेंटामायसिनचे मलम जनुकातला अकाली 'थांबा' ओलांडून प्रथिन पूर्ण बनवू शकते का, हे तपासले गेले आहे. केआरटी९ साठी असे काही अजून हातात नाही.

शेवटचा प्रश्न, पुढच्या मुलाचा. तीन पिढ्यांत थेट वडिलांकडून मुलाकडे आलेला आजार म्हणजे प्रभावी वारसा, त्यात प्रत्येक गर्भधारणेला शक्यता ५० टक्के. पहिल्याला झाला म्हणून दुसऱ्याची सुटका होते असे नाही. मुलगा-मुलगी फरक नाही. आईवडील निरोगी आणि मुलाला आजार, असे असेल तर हिशेब बदलतो: अप्रभावी प्रकारात दोघेही वाहक असतात आणि शक्यता २५ टक्के, रक्ताच्या नात्यातल्या लग्नात हे जास्त दिसते. तिसरी वाट नव्याने झालेल्या बदलाची. तिथे आईवडिलांच्या अंगावर जन्मापासूनचा एखादा खरखरीत रेषेसारखा पट्टा आहे का, हे अंगभर उजेडात पाहावे, कारण असा पट्टा असलेल्या पालकाच्या बीजपेशींतही तो बदल असू शकतो.

चाचणी करताना मुलीबरोबर वडिलांचा आणि आईचाही नमुना द्या. एकट्या मुलीच्या रिपोर्टात 'अर्थ निश्चित नाही' असा बदल आला, तर तो आजारी वडिलांत आहे आणि निरोगी आईत नाही, एवढ्यावरून त्याला वजन येते. आजोबांचा नमुना मिळाला तर आणखी. मागणी लिहिताना नुसते 'केराटोडर्मा' न लिहिता पॅनेलमध्ये (एकत्र तपासल्या जाणाऱ्या जनुकांच्या यादीत) केआरटी९ आणि केआरटी१ बरोबर डीएसपी (डेस्मोप्लाकिनचे) आणि जेयूपी (प्लाकोग्लोबिनचे) ही हृदयाशी संबंधित जनुकेही आहेत ना, हे प्रयोगशाळेला विचारून घ्या. नेमका बदल एकदा हाती आला की पुढच्या गर्भधारणेत, आईवडिलांना हवे असेल तर, ११ व्या आठवड्यापासून तो तपासता येतो.